आईला घेऊन परदेशातल्या चर्चमध्ये सेवेला जाताना: विदर्भातल्या खेड्यातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

परदेशातल्या एखाद्या चर्चमध्ये काही दिवस सेवा करावी आणि आईला किंवा बाबांनाही न्यावं, ही इच्छा आपल्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत असते. तमिळनाडूतल्या वेलांकण्णीला जाऊन आलेली कुटुंबं तर पुढचं नाव फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थाचंच घेतात. मग घोडं अडतं ते कागदांवर, शेतीच्या हंगामावर आणि ‘आईला तिथं काय जमणार?’ या प्रश्नावर. अचलपूर तालुक्यातल्या आमच्या गावातून मी आईला घेऊन लूर्दला सेवेला जाऊन आले. तेव्हापासून आसपासच्या गावांतली मुलंमुली विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी आईचं काम ठरवा

तिकिटाचे भाव बघण्याआधी आईसमोर बसा आणि विचारा, ‘तू तिथं काय करशील?’ बहुतेक घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. मुलगा किंवा मुलगी अर्ज करते आणि पत्रात शेवटी एक ओळ येते, ‘सोबत आई येईल.’ या एका ओळीने दोन नुकसानं होतात. व्हिसा देणाऱ्याला आईच्या प्रवासाचं वेगळं कारण दिसत नाही. आणि तिथं पोहोचल्यावर तुम्ही ड्यूटीवर, आई खोलीत खिडकीशी बसलेली. भाषा येत नाही, काम नाही, दिवस सरत नाही. म्हणून अर्ज दोन, पत्रं दोन, कामंही दोन. आई स्वतःच्या नावाने स्वयंसेवक म्हणून गेली पाहिजे. पुढचं सगळं मी हे धरूनच सांगणार आहे.

‘मला काय येते बाप्पा?’ असं ती म्हणेल. तिला आठवण करून द्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस तिने कितीदा बदलली, चमच्याने पेज कशी भरवली, लग्नाच्या पंगतीत वाढपाची बाजू कशी सांभाळली. आजाऱ्याला न दुखवता उठवून बसवणं शिकायला शहरातल्या तरुण स्वयंसेवकांना वेळ लागतो. आपल्याकडच्या आयांच्या हाताला ते वळण आधीच असतं. बाबा येणार असतील तर त्यांच्याशीही असंच बोला: बाबा, तुम्हाला उभं राहून किती वेळ काम झेपेल? सुतारकाम, बागकाम, रांग सांभाळणं यातलं काय आवडेल? उत्तर कागदावर लिहून घ्या, अर्जात तेच जाईल.

कुठे जायचं

पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्यांना माझा पहिला सल्ला नेपाळचा असतो. भारतीयांना तिथं व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौलीची सीमा. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, त्यामुळे मराठी वाचता येणाऱ्या आईला पाट्या आणि गीतांचं पुस्तक दोन्ही वाचता येतं. हा आधार लहान समजू नका, पहिल्याच दिवशी तिची भीती निम्मी होते. तिथं आठवड्याची सुट्टी शनिवारी असते आणि चर्चच्या मंडळ्यांची उपासनाही शनिवारी. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेने आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेने कुणाचं धर्मांतर घडवून आणणं गुन्हा ठरवलं आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची, आणि परदेशी माणसाला देशाबाहेर काढतात. स्वयंपाक, साफसफाई, आजाऱ्यांची शुश्रूषा एवढंच करा. रस्त्यावर पत्रकं वाटू नका, कुणाच्या घरी प्रचाराला जाऊ नका.

इंग्लंडमध्ये भाऊ-बहीण असेल तर त्यांच्याकडे गेल्यावर तिथल्या चर्चच्या अन्नवाटपात किंवा वृद्धांच्या कार्यक्रमात मदत करता येते. तिथल्या साध्या भेट व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते. पण प्रवासाचा मुख्य हेतू नातेवाइकांची भेट हाच असला पाहिजे. त्याहून जास्त राहून सेवा करायची असेल तर संस्थेने प्रायोजित केलेला वेगळा व्हिसा लागतो. अमेरिकेत धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेच्या बिनपगारी सेवाकार्यक्रमासाठी बी-१ व्हिसा मिळू शकतो. संस्थेचं सविस्तर पत्र हवं, आणि तिथं देणग्या गोळा करणं किंवा काही विकणं चालत नाही.

तुमची मंडळी प्रोटेस्टंट असेल तर आधी आपल्याच मंडळीचे जुने धागे शोधा. विदर्भात ते भरपूर आहेत. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मंडळी, अकोल्याकडे अलायन्स मंडळी, नागपुरात स्कॉटिश मिशनचा वारसा. उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, तर नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झाली. पाळकसाहेबांकडून बिशप कार्यालयापर्यंत आणि तिथून परदेशातल्या, आपल्याशी जोडलेल्या मंडळीपर्यंत गेलेलं पत्र इंटरनेटवर सापडलेल्या पत्त्यावरच्या अर्जापेक्षा कितीतरी वजनदार ठरतं.

‘चर्चच्या व्हिसावर नेतो, तिकडे कामही लावून देतो’ असं सांगत लाखांत पैसे मागणारे लोक आपल्या भागात फिरतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. सेवेला पगार नसतो, आणि सेवेच्या नावाने जाऊन पगाराचं काम करणं हा त्या देशात गुन्हा आहे. पकडले गेलात तर आईलाही परत पाठवतील आणि पुढे कुठलाच देश सहज दार उघडणार नाही.

लूर्दमधली सेवा कशी असते

कॅथलिक घरांसाठी लूर्दबद्दल जरा सविस्तर लिहिते. फ्रान्सच्या दक्षिणेला पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी हे लहानसं गाव आहे. १८५८ साली ११ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळात बर्नादेत या गरीब घरच्या चौदा वर्षांच्या मुलीला गुहेपाशी अठरा वेळा मरियामातेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून जगभरातले आजारी लोक तिथं येतात. त्यांची सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांची संस्था १८८५ पासून काम करते. तिचं नाव ‘हॉस्पितालिते नोत्र-दाम द लूर्द’. वय १८ पूर्ण हवं. नवखे लोक साधारण आठवडाभराच्या सेवेने सुरुवात करतात आणि प्रशिक्षण सेवेसोबतच चालतं. प्रवास, राहणं, जेवण, सगळा खर्च आपला.

कामं अनेक तऱ्हेची. आजारी यात्रेकरूंच्या निवासात अंथरुणं घालणं, जेवण वाढणं, ज्यांना हाताने खाता येत नाही त्यांना भरवणं. रेल्वे स्टेशनवर आणि विमानतळावर आजाऱ्यांना उतरवून घेणं. निळ्या छताच्या हातगाड्या आणि व्हीलचेअर ओढत त्यांना गुहेपर्यंत नेणं. झऱ्याच्या पाण्याजवळ येणाऱ्यांना आधार देणं. दुपारी पवित्र साक्रामेंताची मिरवणूक आणि रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक असते, तेव्हा वाटा मोकळ्या ठेवणं. साठीच्या पुढच्या आईसाठी निवासातलं वाढपाचं आणि भरवण्याचं काम उत्तम. गाड्या ओढायचं काम तिच्यासाठी मागू नका, तिथले रस्ते चढउताराचे आहेत.

काही कामं स्त्री-पुरुषांना वेगळी दिली जातात, त्यामुळे मुलगा आणि आई एकत्र नसतील हे धरून चला. मुलगी आणि आईलाही वेगवेगळ्या ठिकाणी पाठवू शकतात. ‘आम्हाला एकत्रच ठेवा’ असा हट्ट धरू नका. कामाच्या पाळीची वेळ एकच असावी एवढी विनंती करा, म्हणजे जेवण आणि मिस्सा सोबत होते. माझी आई माझ्या नजरेआड असताना जास्त मोकळेपणाने वावरली. एका इटालियन आजीला ती रोज सूप भरवायची. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींचं नीट जमलं होतं.

अर्जासोबत तुमच्या धर्मगुरूंचं शिफारसपत्र लागेलच असं समजून तयारी करा. फादरना सांगा की दोघींची पत्रं वेगळी हवीत आणि आईच्या पत्रात तिने गावच्या चर्चमध्ये काय काय केलं ते लिहा: वेदी सजवणं, आजाऱ्यांच्या घरी जाऊन माळेची प्रार्थना घेणं, सणाचा स्वयंपाक. बाप्तिस्म्याचा दाखलाही काढून ठेवा.

हंगाम बघून तारीख

आपल्याकडे जूनमध्ये पेरणी, मग डवरणी-निंदण, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू झालेली कापसाची वेचणी पार फेब्रुवारीपर्यंत. तूर-हरभरा घरात आला की एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा एवढाच काय तो मोकळा. सुदैवाने लूर्दची मोठी यात्रा एप्रिल ते ऑक्टोबर चालते, त्यामुळे एप्रिलचा शेवट किंवा मेची सुरुवात दोन्हीकडून जमते. १५ ऑगस्टच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला तिथं सर्वांत मोठी गर्दी असते. तेव्हा हात हवे असतात हे खरं, पण पहिल्या वेळी आईला घेऊन त्या गर्दीत जाऊ नका, राहायची जागाही कठीण होते.

मेमध्ये जायचं तर पासपोर्टची तयारी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात सुरू करा. हे जास्त वाटेल, पण खाली वाचा.

पासपोर्ट: सगळं नावावर अडतं

विदर्भाचे जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात आणि आता बऱ्याच ठिकाणी पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. साधी फी १,५०० रुपये; साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट. पैशाचा प्रश्न तेवढ्यात मिटतो. नावाचा मात्र मिटत नाही.

आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत ‘बाई’ जोडलेलं, पॅनवर ‘बाई’ नाही. चर्चच्या नोंदवहीत तर बाप्तिस्म्याचं नाव तिसरंच. एक दिवस काढून सगळे कागद जमिनीवर पसरा आणि एकच नाव ठरवा. आधारवरचं नाव पाया धरणं सोपं जातं. बँक, पॅन, मतदार ओळखपत्र त्याच्याशी जुळवून घ्या. आधारवर जन्माचं फक्त साल असेल तर पूर्ण तारीख आधी घालून घ्या; त्यासाठी शाळेचा दाखला शोधावा लागेल, आणि जुन्या शाळेचं रजिस्टर सापडायलाच महिना जातो. विवाहाचा दाखला चर्चच्या नोंदवहीतून काढा. पासपोर्टवर नाव जसं येईल तसंच, अक्षरन् अक्षर, फादरच्या पत्रात आणि तिकिटावर हवं. बाप्तिस्म्याचं नाव पत्रात घालायचंच असेल तर पासपोर्टच्या नावानंतर लिहायला सांगा.

पोलीस पडताळणीला ठाण्यातून फोन येतो, तेव्हा आई शेतात असते आणि फोन घरी. अर्जात असा नंबर द्या जो कुणीतरी नक्की उचलेल.

आई-बाबांपैकी कुणी जिल्हा परिषदेत किंवा सरकारी नोकरीत असेल तर खात्याची परदेशप्रवासाची परवानगी आधी घ्या. ती फाईल किती दिवस फिरेल ते तुम्हाला माहीतच आहे.

व्हिसा: शेतकऱ्याच्या घराची फाईल

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. फी मोठ्या माणसाला ९० युरो, नकार आला तरी परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागतं. आपल्याकडून त्यासाठी मुंबईला जावं लागतं; अमरावती एक्सप्रेस किंवा विदर्भ एक्सप्रेसने रात्री निघालात की सकाळी पोहोचता. आईला आदल्या दिवशी आराम मिळेल अशी वेळ घ्या. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा दोघांचाही हवा, आणि आईचा काढताना जुने आजार लपवू नका. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध असावा.

शहरातले लोक आयकर विवरणपत्र जोडतात. आपलं शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. म्हणून सातबारा आणि आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या विक्रीच्या पावत्या, बँकेचं किमान तीन महिन्यांचं खाते विवरण आणि मुदत ठेवीच्या पावत्या जोडा. सातबारावर आईचं नाव असेल तर ती प्रत आईच्याच फाईलमध्ये ठेवा. ती परत येणार याचा तो सर्वांत मोठा पुरावा आहे. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून प्रमाणित करून घ्या.

इथे एक बारकावा आहे. कापसाचे किंवा तुरीचे पैसे खात्यात एकदम येतात. तपासणाऱ्याला ते कुणाकडून उसने आणून दाखवल्यासारखे वाटू शकतात. म्हणून त्या रकमेसमोर विक्रीची पावती लावा आणि अर्जासोबतच्या पत्रात एका वाक्यात खुलासा करा. आईचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि नात्याचा पुरावा, म्हणजे तुमचा जन्मदाखला किंवा ज्यावर आईचं नाव आहे तो तुमचा पासपोर्ट, दोन्ही जोडा. प्रवासाचा हेतू खरा लिहा: धार्मिक संस्थेत आठवडाभराची बिनपगारी सेवा. ‘पर्यटन’ लिहून आत शिरायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका.

शेत गहाण ठेवून किंवा सोनं मोडून मात्र जाऊ नका. तेवढाच पर्याय उरत असेल तर यंदा नेपाळ करा.

बॅग आणि शरीर, दोन्हीची तयारी

आईने आयुष्यभर चपला घातल्या असतील तर बूट निघण्याच्या दोन महिने आधी घ्या आणि रोज सकाळी ते घालून चालायला लावा. तिथं तासन्‌तास उभं राहावं लागतं, आणि नव्या बुटाने पाय सोलला गेला की सेवा तिथंच थांबते. साडीत व्हीलचेअर ढकलणं अवघड. सलवार-कमीज किंवा सैल पॅन्ट आणि लांब कुर्ता सोयीचा. आपल्याकडे पारा ४५ ला टेकलेला असतो तेव्हा लूर्दला पाऊस आणि गारवा असू शकतो. स्वेटर आणि रेनकोट हाताशी हवेत.

औषधं पूर्ण दिवसांची, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर गोळीतल्या औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. चष्मा दुसरा घ्या.

खाण्याचं नेताना नियम कडक आहेत. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप नाही. संत्रा बर्फीत खवा असेल तर तीही नाही. नागपुरी संत्री कितीही न्यावीशी वाटली तरी ताजी फळं ठेवून जा. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, भाजके पोहे, लाह्यांचा चिवडा, लिंबाचं लोणचं एवढं पुरेसं आहे. तिथलं जेवण पाव, सूप, चीज, मांस असं. आई शाकाहारी असेल किंवा काही खात नसेल तर अर्जातच लिहा.

बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो त्याचं रोमिंग गावातूनच सुरू करून निघा. बाकी पैसे फॉरेक्स कार्डवर, म्हणजे परकीय चलन भरलेल्या कार्डवर, थोडे युरो रोख, आणि ते दोघींच्या पाकिटांत विभागून.

वाटेत आणि तिथं

मुंबईहून पॅरिस, तिथल्या मोंपार्नास स्टेशनवरून वेगवान रेल्वेने साधारण पाच तासांत लूर्द. विमानतळावर आईला लांब चालणं झेपणार नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, त्याचे पैसे लागत नाहीत. इमिग्रेशनला दोघींना वेगळ्या खिडक्यांवर बोलावू शकतात. म्हणून आईच्या पर्समध्ये तिच्या कागदांचा स्वतंत्र संच हवाच, आणि ‘कुठे चाललात, किती दिवस, काय करणार’ या तीन प्रश्नांची इंग्रजी उत्तरं तिच्याकडून घरी म्हणून घ्या. तिला ती छान जमतील.

एक कार्ड बनवा. एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला मराठी: पाणी, दुखतंय का, थांबा, डॉक्टरांना बोलवा, मी भारतातून आले आहे, माझ्या मुलीचा फोन नंबर. हे गळ्यातल्या ओळखपत्रामागे ठेवलं की आई एकटी पाळी करू शकते.

दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत आईला गुहेपाशी एकटीला बसू द्या. फोटोंची घाई तेव्हा करू नका. आणि रोज संध्याकाळी तिला विचारा, आज काय जड गेलं? ती आपणहून सांगणार नाही. कंबर दुखत असेल तर दुसऱ्या दिवशी पथकप्रमुखाला सांगून बसून करायचं काम मागा. असं सांगितलेलं तिथं कुणाला वावगं वाटत नाही.

परत येताना पैशांबद्दल

तिथं ओळखी होतात. आपल्या गावच्या चर्चचं पत्र्याचं छत, बोअरवेल, मुलांचं वसतिगृह यांबद्दल ऐकून कुणीतरी मायेने युरो हातात ठेवतं. ते नम्रपणे परत करा. परदेशातून संस्थेसाठी देणगी घ्यायला विदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते. तुमच्या खिशातून किंवा तुमच्या बचत खात्यातून ती गावच्या चर्चला देता येत नाही. फादर आणि विश्वस्त दोघेही अडचणीत येतील. देणाऱ्याला तुमच्या धर्मप्रांताच्या कार्यालयाचा पत्ता द्या. तिथं नोंदणी असेल तर रीतसर व्यवहार होईल. हा पत्ता इंग्रजीत लिहिलेल्या दोनचार चिठ्ठ्या निघतानाच बॅगेत टाका, आणि दोन आईच्या पर्समध्येही.